मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला, येलदरीच्या काठावर काय पोहोचलं?

२२ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. बातमीसोबत फोटो दिसले ते बहुतेक समुद्राचे. रंगवलेल्या होड्या, वाळूवर पसरलेली जाळी, डोक्यावर टोपली घेतलेल्या कोळणी. साहजिक आहे. मासेमारी म्हटलं की डोळ्यापुढं समुद्रच येतो, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडंही तसंच आहे. जिंतूरच्या बाजारात समुद्र पोहोचतो तो सुकट-बोंबलाच्या रूपानं. २०२३ मध्ये सरकारनं पापलेट हा राज्य मासा ठरवला. आपल्या तालुक्यात तो ताटात पाहिलेली माणसं किती असतील, तुम्हीच सांगा.

पण काठ आपल्यालाही आहे. जिंतूरहून सेनगावकडं निघालं की येलदरी लागते. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पुरं झालं. एकूण साठा ९३४ दलघमी, त्यातला वापरायला मिळणारा ८०९ दलघमी. भरलं की पाण्याचा पसारा दहा हजार हेक्टरच्या आसपास जातो, म्हणजे पंचवीस हजार एकर. वारं सुटलं की लाटा काठावर आदळतात आणि पलीकडची हिंगोलीची बाजू धूसर दिसते. या पाण्यावर भोई समाजाची माणसं जाळी टाकतात. त्यांचा समुद्र हाच.

तर प्रश्न असा, की मुंबईत झालेला तो निर्णय या काठापर्यंत आला का? माझ्या मते अर्धा आला, आणि उरलेला अर्धा कागदात अडकला. तो कागद कोणता, हे काठावरच्या पोरांनी नीट समजून घ्यावं म्हणून एवढं लिहितोय.

निर्णयात काय आहे ते आधी बघू. मासळी धंद्याला शेतीच्या दरानं वीज, शेतीसारखं कर्ज, किसान क्रेडिट कार्ड, विमा, सौरऊर्जेची सवलत. ऐकायला सगळं चांगलं आहे आणि चांगलंच आहे. ज्यानं शेततळ्यात मासे सोडलेत, ज्याची मोटार आहे, ज्याचं मत्स्यबीज केंद्र नाही तर बर्फाचा कारखाना आहे, त्याला शेतीच्या दराची वीज म्हणजे दर महिन्याला खिशात राहणारे पैसे. पण थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, फळीनं पाणी मारत, पहाटे जाळं काढायला जाणाऱ्या माणसाचं विजेचं बिल कोणतं? त्याच्याकडं मीटर नाही, मोटार नाही. त्याच्या कामाचं आहे ते कर्ज आणि विमा. आणि तिथंच दार बंद होतं.

समुद्र मोकळा, धरण ठेक्याचं

कोकणातला कोळी आणि येलदरीचा भोई दोघंही मासे मारतात, पण सरकारच्या दप्तरात दोघं फार वेगळे आहेत. समुद्र कुणाला ठेक्यानं दिलेला नाही. कोळ्याकडं होडी असते, तिची नोंदणी असते, होडीवर नंबर असतो, मासेमारीचा परवाना असतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणजे तो कोण, किती होड्या आहेत, कधी निघतात, हे सगळं सरकारला माहीत असतं. त्यांचेही हाल आहेतच. एलईडी लाइट लावून मासे ओढणाऱ्या मोठ्या बोटी, पर्ससीनची जाळी, डहाणूजवळ होणारं वाढवण बंदर. पण भांडायला त्यांच्याकडं कागद आहे.

आपल्याकडं पाणी पाटबंधारे खात्याचं. पाण्यातल्या माशांचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडून मच्छीमार सहकारी संस्थेला. पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळपेर जमीन पुन्हा पाटबंधारे खात्याची, ती हंगामापुरती भाड्यानं. म्हणजे पाणी एकाचं, मासा दुसऱ्याचा, काठ तिसऱ्याच्या सहीचा. या तिन्हींत, रोज पाण्यात उतरणाऱ्या माणसाचं नाव कुठं लागतं? एकाच ठिकाणी, संस्थेच्या सभासद यादीत. तिथं नाव असलं तर तो मच्छीमार. नसलं तर तो संस्थेला नाही तर ठेकेदाराला मासा घालणारा मजूर, आणि कुणाशी बिनसलं तर सरळ चोर.

सहकाराची कल्पना चांगली होती. गोरगरीब भोई-कहारांनी एकत्र यावं, ठेका घ्यावा, मत्स्यबीज सोडावं, मासा विकावा, नफा वाटून घ्यावा. काही ठिकाणी तसं चालतंही. पण मराठवाड्यातल्या बऱ्याच धरणांवर गोष्ट अशी ऐकू येते, की संस्था कागदावर समाजाची आणि पैसा बाहेरच्या माणसाचा. बीज सोडायला भांडवल लागतं, ते गरिबाकडं नसतं. मग भांडवल घालणारा येतो, दर तोच ठरवतो, काटा त्याचा, गाडी त्याची. पाण्यात उतरणाऱ्याला किलोमागं ठरलेले पैसे. आपल्या कापूस-सोयाबीनच्या बाजारात व्यापारी जे करतो तेच. फरक एवढाच, की शेतकऱ्याला माल दुसरीकडं नेता येतो. याला ठेक्याबाहेर एक मासा विकता येत नाही.

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू आहे. वेळेत फेडलं तर व्याज चार टक्क्यांवर येतं. जाळं घ्यायला, बीज घ्यायला, साधी होडी घ्यायला ते पैसे मिळाले तर माणूस ठेकेदाराच्या उचलीतून सुटेल. पण अट अशी, की तळं किंवा पाणीसाठा स्वतःचा किंवा भाडेपट्ट्यानं घेतलेला पाहिजे आणि मासेमारीचा लागेल तो परवाना पाहिजे. येलदरीवर भाडेपट्टा कुणाच्या नावावर असतो? संस्थेच्या. मग बँकेत तराफेवाला गेला की साहेब कागद मागतो आणि हा रिकाम्या हातानं परत येतो. शेतीचा दर्जा मिळाला, पण याचा सातबारा कोणता, ते कुणी सांगितलं नाही.

काठावरचं वर्ष

ज्यांनी ही माणसं फक्त बाजारात मासे विकताना पाहिलीत त्यांच्यासाठी जरा सांगतो. धरण होण्याआधी पूर्णेला डोह होते आणि वाळू होती. भोई समाजाचं पोट त्या दोन्हींवर. पावसाळ्यात नदी ओलांडून माणसं पोहोचवायची, त्याआधीच्या काळात मेणे-पालख्या वाहायच्या, हिवाळ्यात डोहात मासे, उन्हाळ्यात वाळूत खड्डे करून टरबूज-खरबुजाच्या वाड्या. शेताचा तुकडा नाही, पण नदी होती. सरकारी यादीत हा समाज भटक्या जमाती ब मध्ये येतो. धरण झालं, डोह बुडाले, वाळू बुडाली. मोठं पाणी मिळालं खरं, पण ते पहिल्यासारखं कुणाचंही राहिलं नाही.

मोठ्या पाण्याची एक गोम आहे, ती शेतकऱ्यालाही माहीत नसते. रोहू, कटला, मृगळ हे आपले मोठे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पाऊस पडला, नदी गढूळ होऊन धरणात शिरायला लागली, की अंड्यावर आलेला मासा पाण्याच्या उलटा वर चढतो. समुद्रावर याच दिवसांत होड्या काठाला ओढून ठेवलेल्या असतात. आपल्याकडं काय होतं? पहिल्या पुराला नदीच्या तोंडाशी बारीक जाळी लागतात आणि पोटात अंडी भरलेला मासा पाटीत येतो. चवीला चांगला म्हणून लोक जादा पैसे देऊन घेतात. यात फक्त भोई नसतात, हौशे-गवशे सगळे असतात. कुणी कुणी विष टाकतो, कुणी जिलेटिनचा बार लावतो. कायद्यानं हे गुन्हे आहेत. पण तेवढ्या मोठ्या काठावर बघायला माणूस कुठंय.

म्हणून धरणात बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. १९५७ साली १० जुलैला हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञानं ओडिशात इंजेक्शन देऊन या जातींच्या माशांकडून अंडी घालून घेतली, तिथून देशातला बीजाचा धंदा उभा राहिला. त्या दिवसाला आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणतात. सोडायचं ते बोटाएवढं झालेलं पिल्लू, म्हणजे बोटुकली सोडली पाहिजे. नुसतं जिरं ओतलं तर मरळ, वाम आणि पाणकावळे त्याची मेजवानी करतात. बोटुकली महाग, जिरं स्वस्त. कागदावर दोन्हीला ‘मत्स्यबीज’ म्हणतात. आता समजून जा.

सणवाराचंही तसंच. श्रावणी पौर्णिमेला कोळीवाड्यात नारळी पौर्णिमा, समुद्राला नारळ वाहायचा आणि मग होडी लोटायची. आपल्याकडं त्या दिवशी राखी. पण पाण्याला मानणं आपल्याकडंही आहेच. काठावर, विहिरीपाशी, डोहाजवळ शेंदूर लावलेले सात दगड दिसतात, त्या साती आसरा. भोई जाळं टाकायच्या आधी त्यांना हात जोडतो आणि शेतकरी विहिरीवर नवी मोटार बसवताना. एकच पाणी, एकच देव. कोकणातल्या कोळ्यांची एकवीरा तर समुद्रापासून लांब, लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या डोंगरात आहे. खारं पाणी असो की गोडं, पाण्यावर पोट असलेल्या माणसाला देव लागतो, कारण पाण्यावर दुसरं कुणी सोबत नसतं.

आणि आपल्या धरणाचा म्हणाल तर एक सण नवा आहे, जलपूजन. धरण शंभर टक्के भरलं की पुढारी येतात, साडी-चोळी आणि नारळ पाण्यात सोडतात, फोटो निघतात. या फोटोत तराफेवाला मी तरी अजून पाहिला नाही.

हिवाळ्यात पाणी उतरायला लागतं, तसा काठ हिरवा होतो. गाळपेरीत गहू, हरभरा, ज्वारी. चक्रवाक जोडीनं उतरतात, पाणकावळे बुडालेल्या झाडांच्या खोडावर पंख वाळवत बसतात. याच काठावर शेतकऱ्याच्या मोटारी, भोयाची जाळी, गुराख्याची जनावरं आणि पाखरं एकमेकांच्या पायात येतात. गाळपेरीला मारलेलं औषध पहिल्या पावसात कुठं जातं, हे आम्ही शेतकरी कधी विचारत नाही. दुष्काळ पडला की पाणी मृतसाठ्यात जातं. २०१९ च्या उन्हाळ्यात ते बघितलंय. तेव्हा शेतकऱ्याला दुष्काळी अनुदान मिळतं, त्यावर आम्ही कमी मिळालं म्हणून ओरडतो, ते बरोबरच आहे. पाणीच गेलेल्या भोयाला काय मिळतं?

बुडालेल्या माणसाची किंमत

आता मुद्द्यावर येतो. शेतकरी विहिरीत बुडून गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात. त्यासाठी सातबारा लागतो. ज्या घरात कुणाच्याच नावावर जमीन नाही, त्या घराला ही योजना नाही.

मच्छीमारासाठी केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत अपघात विमा आहे. वय १८ ते ७०. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख, अंशतः कायम अपंगत्व असेल तर अडीच लाख, दवाखान्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत. हप्ता एक रुपयाही भरायचा नाही, सगळा सरकार भरतं. धरणात, नदीत मासे मारणाऱ्यालाही तो आहे, फक्त समुद्रासाठी नाही. थर्माकोलवर बसून, लाइफ जॅकेट नसताना, वाऱ्यात जाळं काढायला जाणाऱ्या माणसाला याच्याइतकी गरजेची दुसरी योजना नाही. पण त्यात नाव पाहिजे, आणि नाव येतं ते बहुतेक संस्थेमार्फत नाही तर खात्याच्या नोंदीतून. यादीत नसलेला माणूस बुडाला तर सरकारी कागदावर तो मच्छीमार म्हणून मरत नाही. पोहायला गेलेला इसम म्हणून मरतो.

२०२५ च्या पावसाळ्यात ऑगस्ट-सप्टेंबरला वरून, बुलढाण्याच्या खडकपूर्णा धरणातूनही पाणी सुटलं आणि येलदरीचे दरवाजे उघडावे लागले. खालच्या गावांतली पिकं गेली, जमिनी खरडल्या, त्यावर आपल्याकडं भरपूर लिहून आलं. सांडव्यावरून पाण्यासोबत मासाही जातो, यावर फार कुणी लिहिलं नाही. सोडलेलं बीज, वाढवलेला मासा सरळ खाली गोदावरीकडं. नदीकाठची जाळी आणि तराफे वाहून जातात ते वेगळं. आपत्ती निवारणाच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत मच्छीमाराला पूर्ण गेलेल्या होडीचे १५ हजार, पूर्ण गेलेल्या जाळ्याचे ४ हजार, आणि थोडी मोडतोड झाली तर होडीला ६ हजार, जाळ्याला ३ हजार असे दर आहेत. आता तलाठी पंचनाम्याला आला आणि समोर ट्यूब बांधलेला थर्माकोल असला, तर तो त्याला होडी लिहील का? नोंदणी नाही, नंबर नाही, पावती नाही. बांधावर उभं राहून आम्ही कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार कसे पुरणार म्हणून भांडतो. याला भांडायला बांधच नाही.

कागद असला की काय होतं, याचं उदाहरण मुंबईकडं आहे. ठाणे खाडीवर वाशीला तिसरा पूल करायचा ठरला, तेव्हा तिथली मच्छीमार संस्था उच्च न्यायालयात गेली. २०२१ मध्ये न्यायालयानं खाडीत मासे मारण्याच्या त्यांच्या हक्काची दखल घेतली आणि भरपाई द्यायला लावली. समुद्र कुणाच्या नावावर नव्हता, पण संस्था होती, सभासद होते, पिढ्यांची वहिवाट दाखवता आली.

उलट उदाहरण आपल्या मराठवाड्यातलं आहे. जायकवाडीच्या जलाशयावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प ठरला. पैठणच्या कहार समाज पंच कमिटीनं त्याला विरोध केला, हरित लवादात गेली. जायकवाडी तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. लवादानं २०२४ मध्ये अर्ज फेटाळला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दाद दिली नाही. सौरऊर्जेला माझा विरोध नाही, आमच्या शेतातही रात्रीच्या लाइटपेक्षा दिवसाची लाइट बरी. पण मोठं सपाट पाणी दिसलं की आता कंपन्यांची नजर पडणार, ही गोष्ट खरी आहे. उद्या येलदरीवर असं काही आलं, तर ‘इथं आमचं पोट आहे’ हे सांगायला किती जणांकडं कागद असेल?

त्यात आपली एक जादा अडचण आहे. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि धरणाचं पाणी दोन जिल्ह्यांत गेलं. एका काठाचा माणूस परभणीच्या ऑफिसला जातो, दुसऱ्याचा हिंगोलीच्या. मासा काही जिल्हा बघून पोहत नाही.

तर करायचं काय? पहिलं, मोबाइल हातात आहेच. केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्म सुरू केला आहे. आधारला जोडलेला मोबाइल नंबर आणि बँक पासबुक घेऊन गावातल्या सीएससी केंद्रात मच्छीमार म्हणून नोंद करता येते. ही नोंद झाली म्हणजे लगेच कर्ज मिळेल असं नाही, पण सरकारच्या कुठल्या तरी वहीत तुमचं नाव मच्छीमार म्हणून येईल. बाईमाणसांनीही करावी. बाजारात बसून मासा विकणारी भोईण हीसुद्धा या धंद्यातलीच आहे, ती कुणाची मजूर नाही.

दुसरं, संस्थेची सभासद यादी. मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडं माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि तीन गोष्टी मागायच्या : आपल्या पाण्याचा ठेका कुणाला, कधीपर्यंत आहे, सभासद कोण कोण आहेत, आणि गेल्या तीन वर्षांत किती बोटुकली सोडली, तिची बिलं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. यादीत जाळं कधी हातात न धरलेली नावं निघाली, तर ती ग्रामसभेत वाचून दाखवा. गाव लहान असतं, कोण पाण्यात जातं आणि कोण जात नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

तिसरं काम खात्याचं आहे. तराफ्यांना नंबर द्या. समुद्रातल्या होडीला मिळतो तसा साधा पत्र्याचा नंबर, नाव, गाव आणि सोबत एक लाइफ जॅकेट. याला फार पैसे लागत नाहीत. हा नंबर पंचनाम्याला चालेल, विम्याला चालेल आणि बँकेच्या साहेबालाही दाखवता येईल. आपल्या आमदार-खासदारांनी पुढच्या जलपूजनाला येताना याचं उत्तर घेऊन यावं.

ठेक्याची मुदत संपते तेव्हा नव्या ठेक्याची नोटीस निघते. ती ऑफिसच्या फळ्यावर लागते, काठावर लागत नाही. ज्यांच्या घरात जाळं आहे त्यांनी ती निघायच्या आधीच यादीचा अर्ज टाकून ठेवावा.